आळीचा फाणस लेट का आला

परवा आमच्या आळीतल्या मंडळाची पोरं घरी आली. हातात पावतीपुस्तक दिसलं नाही म्हणून दार उघडलं.

"दादा, यंदा स्टेजवर तुमचा एक आयटम हवाय. त्या कंजूष फाणसवाल्याची नक्कल करा ना. तुम्ही म्हणे एक नंबर करायचात."

"कुठला कंजूष?"

"तो नाही का, आळीत अंधार असताना दिवे घरात दडवून बसलेला. यष्टीतला. खडूस म्हातारा."

विचार करून सांगतो म्हटलं आणि दार लावलं. जरा जोरातच लागलं. आतून आत्या ओरडली, "काय रे आपटलंस?"

काय आपटलं ते काय सांगू! ज्यांचे तेव्हा दुधाचे दात पडायचे होते ती पोरं मला सांगणार, कोण कंजूष! आणि पुढची मजा बघा. ज्या फाणसावरून हे सगळं रामायण झालं तो आजही वखारीच्या कोपऱ्यावर आहे, आणि ह्याच पोरांनी गेल्या नवरात्रात त्यात लाल झिरोचा बल्ब घातला. अजून तसाच आहे. येता-जाता तो बल्ब दिसला की मला काकांचा आवाज ऐकू येतो, "फाणसात बल्ब? उद्या बैलगाडीला स्टेअरिंग लावा!"

त्या पोरांना फाणस म्हणजे काय तेही धड माहीत नव्हतं, म्हणून सांगतो. लाइट यायच्या आधी रस्त्याच्या कोपऱ्यावर घासलेटचा दिवा असायचा. चारी बाजूंनी काच, वर उतरतं पत्र्याचं छप्पर, धूर जायला छपरावर इवलंसं धुराडं, एका बाजूला दार, आत टाकी आणि वात. खांबावर बसवलेला, नाहीतर भिंतीतल्या लोखंडी आकड्याला टांगलेला. संध्याकाळी बत्तीवाला शिडी घेऊन यायचा आणि लावायचा. मग लाइट आली, बत्तीवाले घरी बसले, फाणस भंगारात गेले. आणि भंगारातून, माळ्यावरून, कोंबड्यांच्या खुराड्यातून ते एकेक हुडकून आणणारा पनवेलमध्ये एकच माणूस होता.

आळीच्या टोकाला दोन खोल्यांत राहायचे. बायको नाही, पोर नाही, मांजर नाही. एकोणतीस फाणस.

तोंडावर आम्ही 'काका' म्हणायचो, पाठीमागे 'फाणसकाका'. पण अख्खं पनवेल त्यांना ओळखायचं ते आवाजावरून. यष्टी स्टँडवर ते कंट्रोलर होते. खाकी ड्रेस, गळ्यात शिट्टी, समोर माइक. मोरा, उरण, पेण, अलिबाग, सगळ्या गाड्या त्यांच्या तोंडातून सुटायच्या. आणि दुनियेतला हा एकमेव कंट्रोलर, जो गाडी लेट झाली की खरं कारण सांगायचा.

"कृपया... इकडे लक्ष द्या. मोऱ्याला जाणारी गाडी पंधरा मिनिटं उशिरा सुटेल. कारण कंडक्टर अजून जेवतायत. आज त्यांच्या डब्यात ओले बोंबील आहेत."

सगळा स्टँड हसायचा. कंडक्टर तोंड पुसत, शिव्या घालत धावत यायचा. साहेबांनी एकदा मेमो दिला, की कारणं सांगू नका, 'अपरिहार्य कारणामुळे' म्हणा. काकांनी मेमो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी माइकवर, "पेणची गाडी लेट आहे. कारण तिचं टायर टकलं झालंय आणि दुसरं टायर साहेबांनी मागवलेलं नाही."

मला म्हणाले होते, "अपरिहार्य कारण म्हणजे काय माहितीय? ज्याचं नाव घ्यायला फाटते ते कारण."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी नेमकं हेच विसरलो.

आता माझं सांगतो. मी तेव्हा बारावीला दुसऱ्यांदा बसलो होतो. अभ्यास सोडून सगळं यायचं. हेडमास्तर, भाजीवाली, बाबांचा खोकला, कोणाचीही नक्कल करायचो. पण माझा हिट आयटम काका. गणपतीत स्टेजवर केला तेव्हा लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. आणि बघतो तर काय, तिसऱ्या रांगेत काका स्वतः. खाकीतच. कार्यक्रम संपल्यावर जवळ आले. म्हटलं, आता कानाखाली.

"चांगलं केलंस. पण 'कृपया' म्हटल्यावर मी थांबतो. तू थांबला नाहीस."

"हो का?"

"लोक बिडी विझवतात, पोर कडेवर घेतात, मग ऐकतात. तेवढा वेळ द्यायचा असतो. तुला घाई झालेली. टाळ्यांची."

एवढं बोलून गेले. नक्कल केल्यावर लोक चिडतात नाहीतर हसतात. चूक काढणारा पहिलाच भेटला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो, आवाज नीट ऐकायला म्हणून, आणि मग जातच राहिलो.

घर म्हणजे दुसरा स्टँडच. "या, प्लॅटफॉर्म मोकळा आहे, बसा." "चहा सुटायला पाच मिनिटं आहेत. कारण दूध आत्ताच ठेवलंय." भिंतीभर फळ्या आणि फळ्यांवर फाणस. प्रत्येकाखाली पांढऱ्या ऑइलपेंटने पाटी. 'मोरा, धक्का.' 'शिरढोण, देवळाचं वळण.' 'पेण, बाजाराचं तोंड.' काचा लखलखीत पुसलेल्या, पण छपराच्या आतली काजळी कधी काढायचे नाहीत. मी एकदा बोट लावलं तर हातावर फटका. "ती त्याची नोकरी आहे. किती वर्षं लागला ते त्यात लिहिलंय. पुसतोस काय?"

शिकवायचेही. वाटायचं, उद्या मला बत्तीवाला म्हणून भरती करणार आहेत की काय! दाराची बिजागरी नेहमी डाव्या हाताला, म्हणजे शिडीवर उभ्या बत्तीवाल्याचा उजवा हात सरळ वातीकडे जातो. बुडाला गोल भोक, त्यात टाकी बसते. टाकीला खाच असते, ती खाच भोकाच्या दातात अडकते आणि 'टक' असा आवाज येतो. नंबर दोन ठिकाणी ठोकलेला, टाकीवर आणि फाणसाच्या काठावर. "टाकीची आणि फाणसाची जोडी असते. दुसऱ्याची टाकी बसवली तर वाऱ्यात हलते."

हे फाणस यायचे कसे, तर यष्टीने. सगळ्या रूटच्या ड्रायव्हर-कंडक्टरना सांगून ठेवलेलं, कुठे दिसला तर कळवा. कळलं की सुट्टी टाकून आणायला जायचे. आणि टपावर नाही टाकायचे. सीटवर, शेजारी, खिडकीत. शिरढोणचा आणला तेव्हा मी बरोबर होतो. कंडक्टर नवा होता.

"काका, याचं लगेज फाडतो."

"लगेज नाही. माणूस आहे."

"अहो, बोलतो का तो?"

"तान्हं पोर बोलतं का? अर्धं फाड."

आणि त्याने खरंच अर्धं फाडलं! गाडीतले लोक माझ्याकडे बघत होते, जणू तो माझाच धाकटा भाऊ.

एका फळीवर मात्र फाणस नव्हता. नुसती टाकी. खाली पाटी, 'आमची आळी, वखारीचा कोपरा.' ती टाकी त्यांना भंगारवाल्याकडे सापडली होती, नंबर चौदा. वखारीच्या कोपऱ्यावर लोखंडी आकडा अजून होता, आम्ही त्याला मंडळाचा बॅनर बांधायचो. फाणसाचा मात्र पत्ता नाही. मी विचारलं, "हा कुठाय?"

"ती गाडी लेट आहे. कारण कुठे अडकलीय ते माहीत नाही."

पुढेही मी अधूनमधून चिडवायला विचारायचो, "काका, आपली गाडी?" नंतर नंतर ते फक्त म्हणायचे, "लेट आहे." कारण सांगेनासे झाले. माझ्या लक्षातच आलं नाही. नक्कल करणारा म्हणे! कान असून बहिरा.

एकदा ते मला मोऱ्याला घेऊन गेले. तिथला फाणस होता ना, तो घेऊन. वर्षातून एकदा प्रत्येक फाणस त्याच्या त्याच्या जागी नेऊन लावायचे, तासभर तेवत ठेवायचे आणि परत आणायचे. जाता-येता अर्धं तिकीट. मला वाटलं, हे म्हणजे अगदीच डोक्यावर पडलेलं प्रकरण. धक्क्यावर दिवेलागणीला आम्ही तो लावून बसलो. वर विजेचा मोठा दिवा होताच. माझी हसून पुरेवाट. एक म्हातारी कोळीण रिकामी पाटी घेऊन चालली होती, ती थबकली.

"यो आमचा दिवा हाय का रं?"

"हो आजी. इथलाच."

"याच्या उजेडात आमी म्हावरं निवडलंय. यवढी होते मी." तिने गुडघ्याएवढा हात दाखवला, पाटी टेकवली आणि खाली बसलीच. मग काका आवरायला लागले तशी म्हणाली, "आता कनाला नेतंस परत? ठेव ना आथंच."

"ठेवला असता. पण कोणीतरी उचलून नेईल."

म्हातारी फिसकन हसली. "उचलणारं काय भायेरचं असतंय होय? आपलंच असतंय!"

काका हसले नाहीत. परतीच्या गाडीत फाणस मांडीवर घेऊन बसले, मधल्या सीटचं अर्धं तिकीट फुकट घालवून.

आता अंधाराचं. एका कंत्राटदाराने कसल्याशा पायपांसाठी आमची आळी खणली. खणता खणता रस्त्यावरच्या दिव्यांची केबल तोडली आणि खड्डे उघडे टाकून पसार झाला. आळीत एका अंगाला भाताच्या वखारीची लांबच लांब भिंत, तिला एक खिडकी नाही. संध्याकाळी सातनंतर हात समोर धरला तर दिसायचा नाही. अर्ज केले. ह्या टेबलावरून त्या टेबलावर. अर्जाचं पनवेल-दर्शन झालं, आळीत उजेड नाही. एक आठवडा, दोन आठवडे. तिसऱ्या आठवड्यात माझी आत्या भजनाहून येताना खड्ड्यात पडली. मनगट मोडलं.

आणि मग आळीला आठवलं, अरे, आपल्यात एकाकडे एकोणतीस दिवे आहेत!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्यांच्या दारात. पुढे बाबा, कारण पडली त्यांची बहीण. मागे पोहे-गिरणीवाले शेठ, शेजारच्या काकू, आणखी पंधरा-वीस जण. आणि मी. रागाने नुसता फुललेलो. ज्या माणसाच्या घरी मी रोज चहा ढोसत होतो त्याच्या दारात मोर्चा घेऊन गेलो, आणि वर छाती काढून.

शेठ म्हणाले, "काका, एवढे दिवे घरात ठेवून तुम्हाला झोप कशी लागते हो?"

"लागते. सकाळची ड्यूटी असते."

काकू भडकल्या. "एक टांगलात त्या आकड्याला, तर हात झडणारेत का तुमचे?"

"कुठला टांगू? हा पेणचा, हा मोऱ्याचा, हा शिरढोणचा. पेणची पाटी लावलेली गाडी मी उरणला सोडू?"

"अहो गाडी कसली, दिवा आहे तो!"

"आज मोऱ्याचा इथे टांगला की तो मोऱ्याचा राहत नाही शेठ. मग उद्या कोणी म्हणेल माझ्या बंगल्यावर लावा, परवा हॉटेलवर. पाटी पुसली की गाडी भंगारात. आपल्या आळीचा फाणस येऊ दे. त्याच संध्याकाळी लावीन."

"आणि तो कधी येणार?"

"लेट आहे."

"का लेट आहे?" काकूंनी कमरेवर हात ठेवले. "साऱ्या गाड्यांची कारणं सांगता ना भोंग्यावर? मग सांगा की ह्याचं कारण!"

काकांनी तोंड उघडलं. बाबांकडे बघितलं. आणि तोंड मिटलं.

बाबा एकदम म्हणाले, "चला रे. वेड्याच्या नादाला कुठे लागता? चला."

सगळ्यांच्या पुढे होते ते पहिले वळले. मला तेव्हा वाटलं, बाबा किती समजूतदार! मला मात्र माघार घ्यायची नव्हती. मी पायरीवर चढलो, नाक चिमटीत धरलं आणि त्यांच्याच आवाजात सुरू झालो, "कृपया इकडे लक्ष द्या! आपल्या आळीत माणुसकी घेऊन येणारी गाडी कायमची रद्द झालेली आहे. कारण ड्रायव्हर ठार वेडा आहे!"

काय हशा पिकला! शिट्ट्या! काका दारात उभे होते. हशा ओसरेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "'कृपया'नंतर थांबला नाहीस." आणि दार लावलं.

खरं सांगू? एक फाणस लावायला हवा होता त्यांनी. मोऱ्याचा काय, पेणचा काय. त्या हट्टाचा राग मला आजही येतो. पण तो राग माझ्या दुसऱ्या रागापुढे काहीच नाही. तो दुसरा आता सांगतो.

आत्याचा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे देवपूजा माझ्याकडे आली. मी तोपर्यंत देवाला लांबून हात जोडणारा, दारातूनच. आमचं देवघर स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात. छोटं, काचेचं, वर उतरतं छप्पर, छपरावर कळस. दर दिवाळीला आत्या त्याला सोनेरी रंग मारायची. येणारा-जाणारा म्हणायचा, काय सुरेख देवघर आहे हो, कुठून केलंत?

देव एकेक करून ताम्हनात काढले. बाळकृष्ण उचलला, त्याच्याखालचं लाल वस्त्र उचललं. खाली गोल पत्रा बसवलेला. आपलं सहज नखाने उचकटला. गोल भोक. भोकाला एक दात.

मी दाराकडे बघितलं. बिजागरी डावीकडे.

वाकून छपरात बघितलं, बोट फिरवलं. काजळी. बोटभर. आत्या म्हणायची निरांजनाची आहे. निरांजनाची! दोन वातींची एवढी काजळी व्हायला पेशवाईपासून आरती करायला हवी. खालचा काठ नाण्याने खरवडला. सोनेरी रंगाखाली लाल, लालाखाली हिरवा, हिरव्याखाली लोखंड, आणि लोखंडावर चौदा.

जिच्यासाठी मी मोर्चा नेला ती गाडी आमच्या घरात उभी होती!

बाबा पेपर वाचत होते. मी ताम्हन घेऊनच त्यांच्यासमोर गेलो. त्यांनी माझ्या काळ्या झालेल्या बोटाकडे बघितलं.

"आजोबांनी आणलेला," ते म्हणाले. "लाइट आली त्या आठवड्यात. तेव्हा सगळेच उचलत होते."

"आणि काकांना माहितीय."

"सत्यनारायणाला आला होता दोन वर्षांपूर्वी. प्रसाद घेताना बघितला त्याने. बघतच राहिला."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, गाडी पोचलीय म्हणायची."

"आणि तुम्ही?"

"मी काय बोलणार? तीर्थ दिलं."

तीर्थ दिलं! माझं टाळकं सणकलं. म्हणजे दोन वर्षं तो माणूस गप्प. अख्ख्या स्टँडवर कंडक्टरचे बोंबील काढणारा माणूस, साहेबांचं टायर काढणारा माणूस, आमच्यासाठी गप्प! वीस माणसं दारात उभी राहून शिव्या घालतात, नुसतं आमच्या घराकडे बोट केलं असतं तरी सुटला असता. आणि माझा बाप पुढे उभा राहून त्याला वेडा म्हणतो, आणि मी मागून टाळ्या घेतो!

"त्याला कोणी सांगितलं होतं गप्प बसायला?" मीच ओरडलो. कोणावर ओरडत होतो काय माहीत.

"हळू बोल," बाबा म्हणाले. "देव उठवून दिवा देऊ का त्याला? लोक काय म्हणतील?"

तेवढ्यात आत्या आली. गळ्यात अडकवलेला हात, सगळं ऐकलेलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. आजोबांनी आणला तेव्हा ती पाळण्यात होती. कोनाड्यासमोर उभी राहिली.

"म्हणजे ज्या दिव्यावाचून मी खड्ड्यात पडले," ती म्हणाली, "त्याच्यापुढे मी रोज दिवा लावत होते?"

बाबा पेपरात बघत बसले.

"पाट घे," ती मला म्हणाली. "देव पाटावर बसतात. त्यांना काही होत नाही. हे ने त्याचं त्याला."

बाबांनी एकच सांगितलं, गुंडाळून ने आणि कोणाला बोलू नकोस. मी आत्याच्या जुन्या लुगड्यात फाणस गुंडाळला आणि भर दुपारी आळीतून चोरासारखा गेलो. सारखा कशाला? चोरच.

काकांनी दार उघडलं. लुगड्याच्या आकारावरूनच ओळखलं. आधी पायातल्या चपला काढल्या, मग दोन्ही हातांनी घेतला.

"देव कुठे बसवलेत?"

"पाटावर."

"त्यांची सोय करून मग आलास ना?"

"हो."

"बरं." फळीवरची टाकी काढली, खालून सरकवली. टक. त्यांनी डोळे मिटले. पुन्हा काढली, पुन्हा बसवली. टक. पोरासारखं चार वेळा केलं.

"काका, मी त्या दिवशी..."

"चहा सुटायला पाच मिनिटं आहेत," ते म्हणाले. कारण सांगितलं नाही.

संध्याकाळी गिरणीतून शिडी आणली. काका इस्त्रीच्या खाकीत, डोक्यावर टोपी. बघता बघता सगळी आळी जमली. काका शिडीवर चढले, फाणस आकड्याला टांगला, दार उघडलं आणि वरून मला म्हणाले, "घोषणा तू कर. माझे हात गुंतलेत."

मी घसा साफ केला. त्यांचाच आवाज लावला. "कृपया..."

आणि थांबलो. पहिल्यांदाच बरोबर थांबलो. लोक गप्प झाले. कोणी पोर कडेवर घेतलं. काकांनी वरून मान डोलावली.

"...इकडे लक्ष द्या. आपल्या आळीचा फाणस येत आहे. त्याला उशीर झाला. कारण..."

समोर बाबा उभे. हाताची घडी, चेहरा पांढरा. शेजारी शेठ, काकू, सगळे. मी कारण शोधत राहिलो. कारण माझ्या नखात होतं, काळं, दोनदा साबण लावूनही न गेलेलं.

"...अपरिहार्य कारणामुळे."

काकांचा हात काडेपेटीवर थांबला. त्यांनी खाली वाकून, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात सांगितलं, "हे वाक्य माझ्या आवाजात बोलू नकोस."

मग काडी ओढली. वखारीची भिंत पिवळी झाली, खड्डे दिसले, माणसांचे पाय दिसले. टाळ्या झाल्या. आणि टाळ्यांच्या मागोमाग काकूंचा आवाज, "बघा! होता ना घरात? शेवटी काढलाच! आधी काय धाड भरली होती?" शेठ म्हणाले, "दडवून ठेवला होता लेकाने. मोर्चा नेला म्हणून निघाला."

काका शिडी उतरले आणि शिडी द्यायला गिरणीकडे गेले. बाबा काही बोलले नाहीत. आणि मी, ज्याचं तोंड झोपेतही बंद नसायचं, तोही नाही.

चार दिवसांत केबल जोडली गेली. काका फाणस घेऊन आमच्या दारात आले, टाकी काढून, काचा पुसून. "देवांची अडचण होत असेल." आत्या म्हणाली, "नको. देव पाटावर रमलेत. तो जिथला आहे तिथे राहू दे." तेव्हापासून तो आकड्यालाच आहे. रिटायर झाल्यावर बाकीच्या एकोणतिसांतले अठ्ठावीस त्यांनी एकेक करून ज्याच्या त्याच्या गावी नेऊन दिले. अर्धं तिकीट काढून. फक्त पेणचा तेवढा बरोबर नेला, कारण त्याचा बाजारच हलला होता. मग ते भाचीकडे राहायला गेले. गावांनी त्या दिव्यांचं काय केलं ते विचारू नका. एक मला कोन गावाजवळच्या फार्महाऊसच्या गेटवर दिसला. आत बल्ब. खालची पाटी पुसलेली. मी गेटवर जाऊन भांडलो, वॉचमनने हाकलून दिलं.

काका गेल्या वर्षी गेले, असं एका कंडक्टरने सांगितलं. आणि आमच्या आळीत ते कंजूष म्हणून उरले. मी ठेवले.

काल त्या पोरांना बोलावलं. सांगितलं, नक्कल बंद. आयटम करीन, पण आधी फाणसातला तो बल्ब काढा, मग मी माइक हातात घेईन. बाबा आतून म्हणाले, "झालं गेलं, आता कशाला? लोक काय म्हणतील?" आत्या म्हणाली, "मी पुढच्या खुर्चीवर बसते."

काय बोलणार ते पाठ झालंय. नाक चिमटीत धरायचं नाही. ह्या वेळी आवाज माझा.

कृपया...

इकडे लक्ष द्या. आपल्या आळीचा फाणस तीन आठवडे लेट आला होता. कारण तो आमच्या घरात होता.